मसल कारचे कागद, पिकअपची चासी : अमेरिकेत पहिली जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

ऑगस्ट उजाडला की "शेव्हेल (शेव्हरोलेची मसल कार) घेऊ की जुनी पिकअप?" असं विचारणारा एक तरी फोन मला येतोच. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते. १९९५ साली फर्नडेलमध्ये सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला सुरू झालेला तो कार्यक्रम. आता फर्नडेलपासून पाँटियाक गावापर्यंत रस्ताभर जुन्या गाड्यांची जत्रा असते. आपली मंडळी कडेला खुर्च्या टाकून बसतात, डब्यातला चिवडा संपेपर्यंत शेकडो गाड्या बघतात आणि घरी परतेपर्यंत दोघा-तिघांच्या डोक्यात किडा वळवळायला लागलेला असतो.

मी कोल्हापूरची. उद्यमनगरात बाबांचं लेथ आणि बोअरिंगचं वर्कशॉप होतं, त्यामुळे ग्रीसचा वास मला घरचाच. तरीही पहिल्या गाडीत मी फसले. १९६९ ची शेव्हेल 'एसएस ३९६' (३९६ क्युबिक इंचांच्या मोठ्या इंजिनाची) म्हणून घेतली, ती निघाली साधी मालिबू, म्हणजे एसएस नसलेली शेव्हेल. तीन वर्षं चालवली, विकली. आता दारात १९७० ची शेव्हरोले सी-१० पिकअप आहे, आधीच्या मालकाने पार बदलून टाकलेली. दोन्हीकडचे खड्डे अंगावर काढून झालेत म्हणून हे लिहितेय. मी मिशिगनमध्ये राहते. कागदपत्रांचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे, ते आपापल्या राज्याचे बघून घ्या. गंज मात्र सगळीकडे सारखाच.

१. आपण नेमकं काय विकत घेतोय ते समजून घ्या

मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या घरगुती गाडीत घातलेलं दांडगं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन. सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून मोजतात. पाँटियाक ही जनरल मोटर्सचीच, आणि जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांच्या वरचं इंजिन घालायचं नाही. पाँटियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या माणसांनी पळवाट काढली. गाडी तीच टेम्पेस्ट लेमान्स, आणि ३८९ क्युबिक इंचांचं इंजिन 'ऑप्शन' म्हणून वेगळ्या पैशांत. जीटीओ हे नाव आधी गाडीचं नव्हतंच, ऑप्शनच्या यादीतल्या एका ओळीचं होतं.

ही गोष्ट इतिहास म्हणून सांगत नाहीये. तुमचे पैसे याच ओळीवर अवलंबून आहेत. एकाच कारखान्यातून, एकाच पत्र्याच्या दोन गाड्या बाहेर पडल्या; एकीच्या कागदावर ती ओळ होती, दुसरीच्या नव्हती. आज त्या दोघींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि बाहेरून बघून तो कळत नाही. बिल्ले, पट्टे, बोनेट, सगळं नवं मिळतं, कॅटलॉगातून मागवता येतं. थोडक्यात, मसल कार घेताना तुम्ही कागद घेत असता.

पिकअपचं उलटं. ती शेतातली, फर्निचरवाल्याची, प्लंबरची गाडी. विटा टाकल्या, खत टाकलं, माल टाकायचा मागचा हौदा सडला तर फळी ठोकली. तिचे कागद कोण जपणार? कस्टम करणाऱ्यांनी अशा मोडक्या गाड्या उचलल्या आणि आपल्या मनासारख्या केल्या. १९५३ ते ५६ ची फोर्ड एफ-१००, १९४७ ते ५५ मधली गोल बोनेटची शेव्हरोले ३१००, आणि १९६७ ते ७२ ची सी-१० या तिघींवर लोकांचा सगळ्यात जास्त जीव. अशा गाडीत मूळचं काय राहिलं याला फार किंमत नसते. ज्याने ती बांधली त्याच्या हाताला असते. म्हणून तिथे कागदापेक्षा वेल्डिंग बघायचं.

एवढं एक डोक्यात पक्कं बसलं तर पुढचं निम्मं काम झालं. माझी चूक अशी झाली की मसल कार मी पिकअपसारखी तपासली. पत्रा बघितला, इंजिनाचा आवाज ऐकला, चासी, म्हणजे खालचा सांगाडा, ठोकून बघितली. सगळं उत्तम होतं. फक्त गाडी ती नव्हती.

२. घरात कोण कुठे बसणार?

हा प्रश्न गाडी बघायला जाण्याआधी, जेवणाच्या टेबलावर सोडवा. शेव्हेलमध्ये मागे बाक आहे, पाच माणसं बसतात. पण मागे फक्त कमरेचा पट्टा. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ नंतर बनलेल्या कारना पट्टे सक्तीचे झाले, मागच्या सीटला तेव्हा कमरेचाच पुरे होता. आजच्या बूस्टर सीटला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि लहान मुलांच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायचा हूक त्या गाड्यांत नसतोच. बसवून घेता येतो, पण तो खर्च आणि ते काम मनात धरा.

पिकअपला एकच बाक, तीन माणसं, बस्स. आणि १९७२ पर्यंतच्या सी-१० ला पेट्रोलची टाकी कुठे असते? केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे. उन्हाळ्यात काच वर करून गाडी उभी ठेवली की दार उघडताच पेट्रोलचा भपका येतो. बऱ्याच जणांनी ती टाकी काढून हौद्याखाली बसवलेली असते. आमच्या गाडीतही तसंच आहे, आणि ते नसतं तर मी मुलीला त्यात बसवलंच नसतं.

नवरा-बायको दोघंच, हौद्यात सायकल किंवा कुंड्या टाकायच्या असतील तर पिकअपसारखं सुख नाही. आई-बाबा भारतातून आल्यावर त्यांना फिरवायचं मनात असेल तर दोनदा विचार करा. शेव्हेलच्या मागच्या सीटवर जायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी त्यावर एकदाच मत दिलं.

३. पैशांचा हिशेब दोन रकान्यांत मांडा

पहिला रकाना गाडीच्या किमतीचा, दुसरा पहिल्या वर्षाच्या खर्चाचा. नवशिके फक्त पहिला भरतात. दुसऱ्यात टायर धरा. नक्षी छान दिसते पण रबर पंधरा वर्षांचं असतं. टायरच्या कुशीवर डीओटीपासून सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. '२३११' म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. मागे तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. त्यावर गाडी ट्रेलरवर चढवण्यापलीकडे काही करू नका.

सुट्या भागांचं म्हणाल तर शेव्हेल आणि सी-१० दोन्हींचं सगळं नवं बनवलेलं मिळतं, दाराच्या रबरापासून अख्ख्या पत्र्यापर्यंत. खरी डोकेदुखी कस्टमची. सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "साल आणि मॉडेल?" मी म्हटलं, १९७० सी-१०. त्याने पुढच्या ब्रेकचे ड्रम शू काढून दिले. माझ्या गाडीला पुढे डिस्क आहेत. कारखान्याने सी-१० ला पुढे डिस्क १९७१ पासून दिल्या. माझ्या गाडीवर कुणीतरी नंतर बसवल्या होत्या, आणि त्या कुठल्या गाडीच्या ते शोधण्यात दोन शनिवार गेले. चाक काढलं, कॅलिपरवरचा नंबर वायर ब्रशने घासून वाचला, तेव्हा कुठे पॅड मिळाले. म्हणून विकणाऱ्याकडे एकच वही मागा: अल्टरनेटर कुठला, रेडिएटर कुठला, ब्रेक कुठले, स्टिअरिंग बॉक्स कुठला. ज्याच्याकडे अशी यादी आहे त्याला पाचशे डॉलर जास्त द्यायला मी तयार आहे.

४. बघायला जाताना पिशवीत हे हवंच

- फ्रिजवरचा चपटा लोहचुंबक, पातळ सुती कापडात गुंडाळलेला
- बॅटरी, तीही डोक्याला बांधायची, म्हणजे हात मोकळे राहतात
- दांडीला लावलेला छोटा आरसा
- खाली झोपायला जुनी सतरंजी
- कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायला), वापरता येत असेल तर
- वही, पेन आणि फोनचा चार्जर
- टोकदार स्क्रूड्रायव्हर, पण मालकाला विचारल्याशिवाय पत्र्यात खुपसू नका

आदल्या दिवशी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका, थंड हवी. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी झाकलं जातंय. कदाचित नुसता चोक अडकत असेल, पण दोन तास थांबायची तयारी ठेवा. थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं: टॅपेटची टकटक, निळा धूर, पहिल्या पाच सेकंदांत ऑइलचा काटा उठतो की नाही.

बाबांना मी व्हिडिओ कॉल लावते. ते दरवेळी म्हणतात, "फोटो नको दाखवू, आवाज ऐकव." फोन इंजिनाच्या डाव्या बाजूला धरायचा, मग उजव्या, मग सायलेन्सरच्या तोंडाशी. तुमच्या ओळखीत असा कान असेल तर संकोच करू नका, कोल्हापूर असो की कोपरगाव.

५. मसल कार : आधी आकडे, मग पत्रा

अमेरिकेत गाडीचा ओळख क्रमांक सतरा अंकी झाला १९८१ साली. त्याआधीचे नंबर छोटे आणि प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्यामुळे नंबर टाकून गाडीचा इतिहास देणारी संकेतस्थळं इथे उपयोगी पडत नाहीत. हे काम आपणच करायचं.

शेव्हेलचं घ्या. १९६८ ची एसएस असेल तर नंबरची सुरुवात १३८ ने होते, म्हणजे नंबरच सांगतो. १९६९ साली कंपनीने एसएसला वेगळं मॉडेल न ठेवता ऑप्शन केलं. मग मालिबू व्ही-८ स्पोर्ट कूपेचा नंबर १३६३७ ने सुरू होणार आणि त्याच अंगावरच्या एसएस ३९६ चाही १३६३७ नेच. मी फसले ती नेमकी इथे. विकणारा नंबर दाखवून म्हणाला, "बघा, व्ही-८ आहे." खोटं काहीच बोलला नाही.

मग पुरावा कुठे शोधायचा? बिल्ड शीट हा कारखान्यातला कागद बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो, पिवळा पडलेला, उंदरांनी कुरतडलेला. शेव्हरोलेला 'प्रोटेक्ट-ओ-प्लेट' नावाची वॉरंटीची छोटी धातूची पट्टी यायची, ती मिळाली तर सोनं. पाँटियाकचं काम सोपं. १९६६ पासून १९७१ पर्यंतच्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो, आणि पीएचएस (पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) ही संस्था कारखान्याच्या नोंदींची प्रत पैसे घेऊन देते. फोर्डसाठी १९६७ पासून पुढच्या गाड्यांना मार्टी रिपोर्ट, म्हणजे तशीच कारखान्याच्या नोंदींची प्रत, मिळतो. क्रायस्लरच्या डॉज-प्लिमथमध्ये नंबरातलं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. १९७० च्या डॉज चॅलेंजरमध्ये तिथे 'आर' असेल तर इंजिन ४२६ क्युबिक इंचांचं हेमी.

यानंतर इंजिन. जनरल मोटर्सच्या १९६८ पासूनच्या गाड्यांत ओळख क्रमांकाचा काही भाग इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकलेला असतो. तो गाडीच्या नंबराशी जुळला की 'मॅचिंग नंबर्स', आणि किंमत चढते. किंमत चढते म्हणून खोटे नंबरही ठोकले जातात. शेव्हरोले व्ही-८ मध्ये प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या आसपास, ब्लॉकवर एक सपाट पट्टी असते. चिंधीने ऑइल पुसून बघा. कारखान्यात तो भाग ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्याराने सरळ ओढत कापला जायचा, त्यामुळे त्यावर केसाएवढ्या बारीक समांतर रेघा असतात. माझ्या शेव्हेलचा फोटो मी गाडी घेतल्यावर महिन्याने बाबांना पाठवला. चार मिनिटांत उत्तर आलं: "हे फेस परत मारलंय. रेघा कुठायत?" पट्टी आरशासारखी गुळगुळीत होती आणि त्यावर पॉलिशपेपरचे गोल ओरखडे. जन्मभर ब्लॉक फेसिंग केलेल्या माणसाला सात समुद्रापलीकडून जे दिसलं ते मला हातभर अंतरावरून दिसलं नव्हतं. एक सांगते, इंजिन नीट बांधताना ब्लॉकचा वरचा भाग घासावा लागतो, त्यात या रेघा प्रामाणिकपणेही जातात. रेघा नाहीत म्हणजे चोरी असं नाही. रेघा नाहीत आणि नंबर मात्र अगदी ठसठशीत, ताजा, बरोब्बर जुळणारा, तर मागचे कागद मागा.

नकली एसएस वाईट असते का? अजिबात नाही. इकडे तिला 'ट्रिब्यूट' म्हणतात आणि चालवायला ती अस्सलइतकीच मजेची. किंबहुना नंबर बिघडायची भीती नसल्याने तुम्ही ती बिनधास्त चालवता. फक्त ट्रिब्यूटचे पैसे द्या, अस्सलचे नको. मी विकताना जाहिरातीत सरळ 'मालिबू' लिहिलं आणि फरकाचे पैसे माझ्या खिशातून गेले.

आता पत्रा. मागच्या चाकांच्या वरची कमान, मागच्या काचेच्या खालच्या कडा, डिकीची जमीन, दारांखालचा भाग. चुंबक फिरवत जा. आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला माझा चुंबक एका चकचकीत लाल गाडीच्या मागच्या कमानीवरून पाच वेळा घसरून पडला. मालक बघत होता. शेवटी तोच म्हणाला, "तिथे थोडी लांबी (पुट्टी) भरलीय." थोडी म्हणजे वीतभर. रंग जितका गुळगुळीत तितकं चुंबकाला जास्त काम द्या. इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि डेट्रॉइट शहराच्या खाली अकराशे फुटांवर मिठाची खाणच आहे. असल्या गावात चाळीस हिवाळे काढलेली गाडी वरून कशीही दिसो. अ‍ॅरिझोना, टेक्ससच्या कोरड्या भागातली गाडी रंग उडालेली असली तरी मला ती जास्त आवडते.

६. पिकअप : सतरंजी टाका आणि खाली शिरा

इथे क्रम बदला. वरचं काही न बघता आधी चासीखाली जा.

सी-१० मधला सगळ्यात मोठा सापळा लांबीचा आहे. ही गाडी आखूड आणि लांब अशा दोन हौद्यांत यायची. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आखूड गाडीचं ११५ इंच, लांब गाडीचं १२७. लोकांना आखूड आवडते, शेतकऱ्यांनी घेतल्या लांब. मग लांब गाडीची चासी कापून बारा इंच काढून टाकायचे आणि जोडून 'शॉर्ट बेड' म्हणून विकायची. कापणं हा गुन्हा नाही. नीट केलेलं काम मी बघितलंय: चासीची पट्टी तिरकी किंवा पायरीसारखी कापलेली, आतून पट्टी घातलेली, वेल्डिंगचा मणी एकसारखा. आणि सरळ आडवी कापून, वरवर टाके मारून, त्यावर ग्राइंडर फिरवून काळा रंग मारलेलंही बघितलंय. बोट फिरवा, दोन्ही बाजूंना. रंगाखाली उंचवटा लागला तर तिथेच थांबून नीट बघा.

खातरजमा करायला ग्लोव्ह बॉक्स उघडा. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचा ऑप्शनचा कागद चिकटवलेला असतो, राहिला असेल तर. मॉडेल 'सीई १०७३४' असेल तर जन्मतः आखूड, 'सीई १०९३४' असेल तर लांब. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीतला नंबर आणि टायटलवरचा (मालकीच्या सरकारी कागदावरचा) नंबर अक्षरन् अक्षर जुळवा.

गाडी जमिनीला टेकवण्यासाठी स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या घातल्या असतील तर मागच्या अ‍ॅक्सलला वर यायला जागा म्हणून चासीला अर्धगोल खाच मारलेली असते. त्या खाचेला कमान लावून मजबुती दिलीय का बघा. हवेच्या नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी टाका, सायकलचं पंक्चर काढताना बघतो तसे बुडबुडे येतात का ते कळेल. मालकाला सांगा की गाडी उचलून ठेव, आपण चहा घेऊन येऊ. अर्ध्या तासात एक बाजू बसली असेल तर गळती आहे.

इंजिन. मूळचं सहा सिलिंडरचं किंवा छोटं व्ही-८ काढून त्यात शेव्हरोलेचं एलएस इंजिन बसवणं आता सर्रास चालतं. एलएस १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलं; हलकं, तगडं, भंगारातल्या ट्रकमधूनही मिळतं. बसवायला हरकत नाही, पण पेट्रोलची नळी बघा. कार्ब्युरेटरला पाच ते सात पीएसआय दाब पुरतो, एलएसच्या इंजेक्शनला अठ्ठावन्नच्या आसपास लागतो. जुन्या दाबाची रबरी नळी आणि साधा क्लिप तसाच ठेवून एलएस चालवणारे महाभाग आहेत. इंजिनाच्या कामाला दहापैकी आठ आणि नळीला शून्य मिळालं तर मी ती गाडी घेत नाही.

वायरिंगचं काय सांगू. डॅशबोर्डखाली डोकं घाला आणि डोक्याची बॅटरी पेटवा. वायरी एका रंगाच्या, पिळून टेप मारलेल्या, फ्यूज नसलेल्या दिसल्या तर अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, नवीन घालायचा खर्च किमतीतून कापा. त्यावर वाद घालू नका, नुसता फोटो दाखवा.

पत्रा सडतो तो केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी, पाय ठेवायची जमीन आणि छतावरची पन्हळ इथे. उन्हाने रंग उडून, गंज डोकावून जे रूप येतं त्याला 'पॅटिना' म्हणतात आणि तसं मुद्दाम राखतात. खोटा पॅटिनाही रंगवून मिळतो. ओळखायची खूण अशी: खरा पॅटिना जिथे ऊन लागतं तिथे, म्हणजे छत, बोनेट, हौद्याच्या वरच्या कडा. दाराच्या आतल्या चौकटीत मूळ रंग शाबूत असतो. चौकटीतही तसाच 'जुनाट' रंग दिसला तर ब्रश कुणाच्या तरी हातातून फिरलाय.

गोल बोनेटच्या १९४७ ते ५५ वाल्या शेव्हरोलेवर मन गेलं असेल तर थोडं वेगळं बघा. मूळ अवस्थेतल्या गाडीला सहा व्होल्टची वीज आणि बहुतेक सालांत बंद नळीतला ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना ताकद नेणारा दांडा) असतो. महामार्गावर ती कासावीस होते. कस्टमवाले बहुतेक वेळा जुनी केबिन उचलून दुसऱ्याच, नव्या पिकअपच्या चासीवर ठेवतात. मग टायटल केबिनच्या नंबराचं की चासीच्या? विकणाऱ्याला हा प्रश्न विचारा. तो गडबडला तर घरी जा.

७. चालवून बघताना

दोन्ही गाड्यांत पहिली दहा मिनिटं ब्रेकशिवाय कशाचाही विचार करू नका. चारी चाकांना ड्रम असतील तर उतारावर दोनदा जोरात दाबल्यावर तिसऱ्यांदा पाय खोल जातो. १९६७ च्या आधीच्या कित्येक गाड्यांत ब्रेकला एकच सर्किट असतं, म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही गेले. कस्टम केलेल्या जुन्या पिकअपला दुहेरी मास्टर सिलिंडर बसवलेला नसेल तर बाकी क्रोमवर केलेल्या खर्चाचं मला काही कौतुक नाही.

शेव्हेल नाकाने जड असते. वळणावर पुढचा भाग बाहेर पळतो, सरळ रस्त्यावर मात्र पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. पिकअपचं मागचं अंग रिकाम्या हौद्यामुळे हलकं. ओल्या रस्त्यावर सिग्नल सुटताना जरा जोर दिला की मागचं चाक फिरतं आणि गाडी आडवी व्हायला बघते. अजून एक: ओडोमीटर पाच आकडी असतो. ४२,००० म्हणजे ४२ हजार की एक लाख ४२ हजार, हे आकड्यावरून कळत नाही. ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा.

८. कागद, विमा आणि पाटी

- मूळ टायटल, विकणाऱ्याच्याच नावाचं
- सही केलेलं बिल ऑफ सेल, त्यावर तारीख, किंमत आणि गाडीचा पूर्ण नंबर
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो, टायटलवरच्या नावाशी जुळवून
- मसल कारला: बिल्ड शीट किंवा वर सांगितलेल्या नोंदींची प्रत
- पिकअपला: कामाच्या पावत्या, सुट्या भागांची यादी, काम चालू असतानाचे फोटो
- विम्याची पॉलिसी, गाडी हलवण्याआधीच सुरू झालेली

टायटलवर आधीच्या मालकाची सही, पण नाव तुम्हाला विकणाऱ्याचं नाही, अशी गाडी बऱ्याचदा स्वस्तात मिळते. कर चुकवायला मधल्या माणसाने स्वतःच्या नावावर केलेलीच नसते. ती घेऊ नका. शेजारच्या ओहायोत विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते. रविवारी संध्याकाळी रोख घेऊन गेलेल्या आमच्या एका मित्राला सोमवारी सुट्टी टाकून परत जावं लागलं. मिशिगनमध्ये नाव लावायचं काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात होतं आणि किमतीवर ६ टक्के कर भरावा लागतो, तोही हिशेबात धरा.

विमा साध्या गाडीचा घेऊ नका. जुन्या गाड्यांच्या विम्यात 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' हे शब्द शोधा, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर आधी ठरलेली रक्कम मिळते. 'स्टेटेड व्हॅल्यू' ऐकायला सारखंच वाटतं पण तिथे कंपनी त्याहून कमीही देऊ शकते. याच राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीची हॅगर्टी फक्त याच प्रकारच्या गाड्यांसाठी ओळखली जाते, बाकीही कंपन्या आहेत, दोन-तीन ठिकाणी विचारा. हप्ता बराच कमी बसतो. त्याबदल्यात गाडी बंद गॅरेजात ठेवायची आणि रोज ऑफिसला न्यायची नाही अशी अट असते. कस्टम पिकअप असेल तर रक्कम ठरवताना पावत्या लागतात. ज्याने त्या फेकून दिल्या त्याच्या गाडीची किंमत विमा कंपनी तिच्या मनाने ठरवते.

पंचवीस वर्षांवरच्या गाडीला मिशिगनमध्ये 'हिस्टॉरिक' नंबरपाटी मिळते. स्वस्त असते, पण मेळावे, संचलन, क्लबच्या फेऱ्या आणि दुरुस्तीची चाचणी एवढ्यापुरतीच. ऑगस्ट महिन्यात मात्र एरवीसारखी फिरवायची मुभा आहे. दर रविवारी आइसक्रीम खायला जायचं असेल तर साधी पाटीच घ्या.

९. पहिला हिवाळा

थँक्सगिव्हिंगच्या आत टाकी पूर्ण भरा, पेट्रोल टिकवणारं औषध घाला आणि दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतं. शक्य असेल तर इथेनॉल नसलेलं पेट्रोल शोधा. मिशिगनमध्ये बोटीवाल्यांसाठी काही पंपांवर ते मिळतं. ऑइल बदलायचं ते आत्ता, वसंतात नव्हे. आणि मूळच्या कॅमशाफ्टचं इंजिन असेल तर डब्यावर झिंक जास्त असल्याचं लिहिलेलंच ऑइल घ्या, आजकालच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी झालंय आणि चपट्या टॅपेटचे कॅम त्याने झिजतात. बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा.

सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या नाकाड्यात स्टीलचा काथ्या कोंबा, भांडी घासायचा नको, बारीक जाळीचा. बोनेटवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा की काथ्या काढायचाय. पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. एप्रिलमध्ये स्टार्टर मारण्याआधी सहज म्हणून एअर क्लीनरचं झाकण उघडलं, तर आत सीटच्या कापसाचं व्यवस्थित घरटं, त्यात ओकच्या फळांचा ढीग, आणि एका कोपऱ्यात माझ्या हरवलेल्या चुंबकाचं कापड, आईच्या साडीचं.